वायफाय गेलं म्हणजे नेमकं काय गेलं?

परवा रात्री साडेदहाला मावसबहिणीचा फोन. "दादा, लॅपटॉपचं वायफाय गेलंय." मी विचारलं गेलंय म्हणजे काय झालंय, तर म्हणे गेलंय म्हणजे गेलंय, सकाळपासून लागतच नाहीये आणि उद्या सबमिशन आहे. मी दमलेलो होतो, पुढे काही विचारायच्या भानगडीत न पडता सांगून टाकलं की सेटिंग्जमध्ये जा, नेटवर्क रीसेट म्हणून एक बटण आहे ते दाब, लॅपटॉप आपोआप रिस्टार्ट होईल, होऊन जाईल काम. तिने दाबलं. वीस मिनिटांनी परत फोन, वायफाय अजून नाहीच, आणि वर आधी सेव्ह असलेले सगळे पासवर्डही उडाले.

तर चूक माझी. लोकांना रात्रंदिवस सांगत असतो की आधी कुठे अडलंय ते बघा मग हात लावा, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा मीच उलटं केलं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, कारण "वायफाय लागत नाही" हे एका बिघाडाचं नाव नाहीच आहे, चार वेगवेगळ्या जागी गाडी अडू शकते आणि चारही वेळा माणूस तेच एक वाक्य बोलतो.

आपण नेटवर्कच्या नावावर क्लिक करतो आणि दोनतीन सेकंदात कनेक्टेड दिसतं, त्या दोनतीन सेकंदात काय काय होतं ते आधी बघू. पहिलं म्हणजे लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड चालू असायला हवं आणि त्याला राउटरचा आवाज ऐकू यायला हवा. दुसरं, पासवर्डची खातरजमा. तिसरं, राउटर लॅपटॉपला त्या नेटवर्कातला एक पत्ता देतो, ज्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. आणि चौथं, त्या राउटरमधून बाहेर इंटरनेटवर जायचा रस्ता मोकळा असायला हवा. हे याच क्रमाने होतं, म्हणजे पत्ताच मिळाला नसेल तर ब्राउझर बदलून काही उपयोग नाही आणि नावच दिसत नसेल तर पासवर्ड दहा वेळा टाकणार कुठे. स्क्रीनवर काय दिसतंय त्यावरून कुठल्या पायरीला अडलंय ते बऱ्यापैकी कळतं.

पण त्याच्याही आधी दोन गोष्टी करून बघायच्या, दोन्हीला मिळून पाच मिनिटं लागत नाहीत. एक, त्याच वायफायवर फोन चालतोय का. इथे लोक हमखास फसतात, फोनवर व्हिडिओ चालला की म्हणतात वायफाय ठीक आहे, पण फोन हुशार असतो, वायफायवर नेट नाही असं दिसलं की गुपचूप मोबाइल डेटावर जातो, तेव्हा मोबाइल डेटा बंद करून मग बघा. दोन, फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडून बघा. फोन वायफायवर चालत नाही आणि लॅपटॉप हॉटस्पॉटवर चालतो, म्हणजे लॅपटॉपला काही झालेलं नाही, राउटर किंवा बाहेरून येणारी लाइन बघा. उलटं असेल, फोन मस्त चालतोय आणि लॅपटॉप हॉटस्पॉटलाही जोडला जात नाहीये, तर लॅपटॉपच बघायचा. आणि दोघं आपापल्या जागी ठीक, फक्त एकमेकांशी पटत नाहीये असं असेल तर बहुतेक पासवर्ड, सिक्युरिटीचा प्रकार नाहीतर पत्ता, यातलं काहीतरी.

आता रिस्टार्टबद्दल. सगळे चेष्टा करतात पण रिस्टार्टने खरंच अर्धी दुखणी जातात, फक्त एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते की विंडोजमध्ये शट डाउन आणि रिस्टार्ट सारखं नाही. फास्ट स्टार्टअप नावाचं सेटिंग बहुतेक लॅपटॉपवर आधीपासून चालू असतं, त्यात शट डाउन केलं की विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवतात आणि पुढच्या वेळी तीच उचलतात, म्हणजे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) अडकलेला असेल तर तो अडकलेलाच परत येतो. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. त्यामुळे "मी कालपासून चार वेळा बंद करून चालू केला" याला काही अर्थ नसतो, एकदा रिस्टार्ट करा. राउटरही बटणाने नुसता चालू बंद न करता प्लग काढून अर्धा मिनिट थांबून परत लावा, आणि परत लावल्यावर दोनतीन मिनिटं धीर धरा.

पहिली पायरी. लिस्टमध्ये एकही नाव दिसत नाहीये, आपलंही नाही शेजाऱ्याचंही नाही. राउटर स्वतःचं नाव सेकंदाला साधारण दहा वेळा पुकारत असतो, कोणी विचारो न विचारो, आणि लॅपटॉपचं काम फक्त ऐकायचं. एकही नाव ऐकू येत नाही म्हणजे कान बंद आहे. आधी एअरप्लेन मोड बघा. मग कीबोर्डच्या वरच्या ओळीत विमानाचं किंवा अँटेनाचं चित्र असलेलं बटण असतं ते बघा, कुठे नुसतं दाबायचं असतं कुठे एफएन धरून. जुन्या लॅपटॉपना तर कडेला छोटा सरकवायचा स्विच असायचा. त्या स्विचने माझे एकदा तीन तास खाल्ले आहेत, ड्रायव्हर काढला, परत टाकला, विंडोज नव्याने टाकायची तयारी केली, पेन ड्राइव्हसुद्धा बनवला, आणि मग लॅपटॉप उचलून दुसरीकडे ठेवताना बोटाला कडेला काहीतरी लागलं आणि निळा दिवा लागला. बॅगेत घालताना सरकला होता. ते अजून कोणाला सांगितलं नव्हतं, आज लिहिलं.

लिनक्सवाल्यांसाठी हे सोपं आहे, आरएफकिल लिस्ट अशी कमांड दिली की ते सरळ सांगतं की सॉफ्ट ब्लॉक आहे का हार्ड ब्लॉक. सॉफ्ट म्हणजे सॉफ्टवेअरने बंद केलंय, कमांडनेच उघडता येतं. हार्ड म्हणजे स्विच किंवा बटण, तिथे कितीही कमांडा मारा, बोटच लागतं.

स्विच वगैरे ठीक आहे पण सेटिंग्जमध्ये वायफायचं बटणच गायब आहे, असं असेल तर विंडोजला कार्ड दिसतच नाहीये. डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्सच्या खाली वायफाय किंवा वायरलेस लिहिलेलं काही आहे का बघा. त्यावर पिवळा त्रिकोण असेल तर ड्रायव्हरचं दुखणं, छोटा खाली जाणारा बाण असेल तर कोणीतरी डिसेबल केलंय, राइट क्लिक करून एनेबल करा. आणि काहीच नसेल तर एक उपाय आहे जो ऐकायला अंगारा धुपाऱ्यासारखा वाटतो पण चालतो. लॅपटॉप शट डाउन करायचा, चार्जर काढायचा, बॅटरी निघत असेल तर तीही काढायची, आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरायचं. लॅपटॉप बंद असला तरी मदरबोर्डवर थोडी वीज राहते आणि कार्ड त्या विजेवर अर्धवट अवस्थेत अडकून बसलेलं असतं, ती वीज निघून गेली की पुढच्या वेळी कार्ड पहिल्यापासून जागं होतं. सहा महिने वायफाय नाही म्हणून डोंगल लावून बसलेल्या एका मित्राचं काम या तीस सेकंदांत झालेलं मी बघितलंय.

ड्रायव्हरचं म्हणाल तर कालपर्यंत चालत होतं आणि अपडेटनंतर बंद पडलं अशी केस असेल तर नवीन शोधू नका, मागचाच परत आणा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हर टॅबवर रोल बॅक असं बटण असतं. ते पुसट दिसत असेल तर मागचा ड्रायव्हर शिल्लक नाही. मग अनइन्स्टॉल डिव्हाइस करून रिस्टार्ट करा, विंडोज स्वतःकडचा टाकतं. तेही नाही झालं तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून मॉडेल नंबर टाकून घ्या, ड्रायव्हर अपडेटर म्हणून जी फुकटची सॉफ्टवेअरं मिळतात त्यांच्या नादी लागू नका.

इथे लगेच प्रश्न येतो की नेटच नाही तर ड्रायव्हर डाउनलोड करणार कसा, कोंबडी आधी का अंडं. त्याला फोन आहे ना. फोन केबलने लॅपटॉपला लावा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. अँड्रॉइड असेल तर लॅपटॉपला वाटतं की आपल्याला वायर लावलेली आहे, त्याला वायफाय कार्डाची गरजच उरत नाही. गंमत म्हणजे फोन स्वतः वायफायवर असला तरी चालतं, फोनचं वायफाय लॅपटॉपला केबलमधून मिळतं, डेटा खर्च होत नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी अडीअडचणीला फार उपयोगी पडते.

बरं, बाकीच्यांची नावं दिसतायत पण आपलंच दिसत नाहीये. हा वेगळा प्रकार आहे. वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ लांब जातं, भिंतीतून जातं, पण गर्दी फार. ५ वेगवान आहे पण एकदोन भिंती मध्ये आल्या की दम सुटतो. जुन्या किंवा स्वस्तातल्या बऱ्याच लॅपटॉपच्या कार्डांना ५ ऐकूच येत नाही, त्यामुळे राउटरवर २.४ बंद करून ठेवलं असेल तर फोनला नाव दिसतं आणि लॅपटॉपला दिसत नाही. तसंच आता ६ गिगाहर्ट्झवालेही राउटर आलेत, तिथे कार्ड नवीन लागतंच पण विंडोज ११ पण लागतं, विंडोज १० ला ६ ची पट्टी चालत नाही. २.४ मध्येसुद्धा चॅनल १२ आणि १३ काही देशांत वापरतात आणि काही देशांत नाही, तर लॅपटॉप दुसऱ्या देशासाठी सेट केलेला असेल आणि राउटर आपोआप १३ वर जाऊन बसला असेल तर नाव दिसणार नाही. राउटरमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ करून टाका, तसंही २.४ मध्ये एकमेकांच्या अंगावर न येणारे हे तीनच आहेत.

आणि एक, राउटर आत्ताच चालू केलाय आणि ५ चं नाव येत नाहीये तर एक मिनिट थांबा. ५ च्या पट्टीतले काही चॅनल हवामानाच्या वगैरे रडारचेही आहेत, तिथे राउटरला बोलायच्या आधी किमान साठ सेकंद गप्प बसून ऐकावं लागतं की रडार आहे का. मध्येच रडार ऐकू आलं तर राउटर तो चॅनल सोडून पळतो, तेव्हा नेटवर्क अचानक गायब होऊन थोड्या वेळाने परत येतं. लोक म्हणतात राउटर खराब झाला. खराब नाही, नियम पाळतोय.

दुसरी पायरी पासवर्डची. नाव दिसतंय, क्लिक केलं, गोल गोल फिरलं आणि "कान्ट कनेक्ट टू धिस नेटवर्क". या मेसेजइतका निरुपयोगी मेसेज विंडोजमध्ये दुसरा नसेल, काय चुकलं ते सांगतच नाही. बहुतेक वेळा राउटरचा पासवर्ड बदललेला असतो आणि लॅपटॉप जुनाच लावत बसलेला असतो. त्या नेटवर्कवर राइट क्लिक करून फर्गेट करा आणि परत नव्याने जोडा, एवढ्याने खूपदा होतं.

इथे आत काय चालतं ते मला आवडतं म्हणून सांगतो. घरच्या डब्ल्यूपीए२ या नेहमीच्या सिक्युरिटी प्रकारात आपला पासवर्ड हवेतून कधी जातच नाही. पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र करून दोन्ही बाजू तेच गणित ४०९६ वेळा घोटतात, त्यातून एक किल्ली निघते, आणि मग चार निरोपांची देवाणघेवाण करून दोघं एकमेकांना पटवून देतात की किल्ली आपल्याकडेही तीच आहे, किल्ली न दाखवता. यातून दोन गोष्टी कळतात. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी किल्ली पूर्णच वेगळी निघते, थोडंसं चुकलं असं काही नसतं. आणि नेटवर्कचं नाव बदललं की पासवर्ड तोच असला तरी लॅपटॉपच्या दृष्टीने ते नवीन नेटवर्क, पहिल्यापासून जोडावं लागतं.

टाइप करताना डोळ्याचं चिन्ह दाबून काय पडतंय ते डोळ्याने बघा. कॅप्स लॉक सगळ्यांना आठवतं पण नम लॉक आठवत नाही, ज्या छोट्या कीबोर्डांना वेगळा नंबर पॅड नसतो त्यातल्या काहींवर नम लॉक चालू राहिलं तर यू आय ओ च्या जागी ४ ५ ६ पडतात आणि ठिपक्यांमध्ये ते दिसत नाही. कीबोर्ड मराठीवर राहिलाय का तेही बघा. पासवर्ड कमीत कमी आठ अक्षरांचा असतो, कोणी सहा अक्षरांचा सांगत असेल तर तो वायफायचा नाहीच, दुसरं काहीतरी आठवतंय त्यांना. आणि जो फोन आधीच जोडलेला आहे त्यात शेअर केलं की क्यूआर कोड येतो, बऱ्याच फोनमध्ये त्याच्याखाली पासवर्ड लिहिलेला पण येतो, त्यामुळे आठवत बसू नका, वाचा.

पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, फोन त्याच पासवर्डने जोडला जातोय आणि लॅपटॉप नाही, तर राउटरचा सिक्युरिटी प्रकार बघा. डब्ल्यूपीए३ हा २०१८ साली आला, त्याआधीच्या बऱ्याच कार्डांना तो समजत नाही. राउटरमध्ये दोन्ही मिळून चालणारा मोड असतो, पण काही जुनी कार्डं त्या मिक्स मोडलाही गोंधळतात, मग सरळ डब्ल्यूपीए२ ठेवून बघा. किंवा राउटरमध्ये मॅक फिल्टर लावलेलं असेल, म्हणजे ठरलेल्या मशीनींनाच आत घ्यायचं. आणि तुमच्या विंडोजमध्ये रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस चालू असेल तर लॅपटॉप स्वतःचा खरा नंबर सांगतच नाही, मग राउटर म्हणतो हा कोण, ओळखत नाही.

तिसरी पायरी माझ्या मते सगळ्यात जास्त फसवणारी, कारण इथे पासवर्ड बरोबर असतो, काड्या फुल असतात, आणि नेट नसतं. जोडलं गेल्यावर लॅपटॉप ओरडून विचारतो की कोणी पत्ता देतंय का, राउटर म्हणतो हा घे, लॅपटॉप म्हणतो बरं हाच घेतो, राउटर म्हणतो ठीक, इतक्या वेळासाठी तुझा. चार निरोप, की झालं. पण उत्तरच आलं नाही तर थोडा वेळ वाट बघून लॅपटॉप स्वतःच एक पत्ता लावून घेतो, आणि तो नेहमी १६९.२५४ ने सुरू होतो. हा आकडा पाठ करून ठेवा. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा, आयपीकॉन्फिग हा एकच शब्द इंग्रजीत टाइप करा, मध्ये स्पेस नाही, एंटर. वायफायच्या खाली आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस बघा. १९२.१६८ किंवा १० वगैरेने सुरू होत असेल तर बहुतेक पत्ता नीट मिळालाय, चौथ्या पायरीवर चला. १६९.२५४ असेल तर इथेच थांबा, राउटरने उत्तर दिलेलं नाही.

का नाही दिलं? राउटर अडकलाय, रिस्टार्ट करा. किंवा त्याच्याकडचे पत्ते संपलेत, हे खरंच होतं, राउटरमध्ये पत्त्यांची एक यादी ठरवलेली असते, ती छोटी ठेवली असेल आणि फोन, टीव्ही, स्पीकर, पाहुण्यांचे फोन सगळ्यांनी एकेक घेतला की पुढच्याला काही उरत नाही, आणि पाहुणे गेले तरी मुदत संपेपर्यंत पत्ता त्यांच्याच नावावर. यादी मोठी करा नाहीतर मुदत कमी करा. काही वेळा जास्तीचं अँटीव्हायरस किंवा फायरवॉल हे निरोप अडवतं.

याच्या जवळचंच एक दुखणं आहे जे आयपीकॉन्फिगमध्ये अगदी शहाण्यासारखं दिसतं. लॅपटॉप एका ठिकाणी मस्त चालतो आणि दुसरीकडे काड्या फुल पण नेट अजिबात नाही, तेव्हा समजा की कोणीतरी कधीतरी हाताने पक्का पत्ता टाकून ठेवलाय. असा लॅपटॉप राउटरला विचारतच नाही, मागच्या जागेचा पत्ता छातीवर लावून नवीन जागी फिरतो. आयपी अ‍ॅड्रेस आणि डीएनएस (ते काय ते चौथ्या पायरीत सांगतो) दोन्ही ऑटोमॅटिकवर आणा.

चौथी पायरी. पत्ता बरोबर आहे तरी "कनेक्टेड, नो इंटरनेट". हा मेसेज विंडोज कुठून काढतं माहितीये? जोडलं गेलं की ते मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून एक चिमुकली टेक्स्ट फाइल मागवतं, तिच्यात फक्त "मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट" एवढंच लिहिलेलं असतं. ती जशीच्या तशी आली तर नेट आहे, नाही आली तर नाही. म्हणजे क्वचित ती फाइलच कुठे अडवली गेली तर नेट असूनही नो इंटरनेट दिसतं, तेव्हा मेसेजवर विश्वास न ठेवता साइट उघडून बघा. आणि फाइलच्या जागी दुसरंच पान आलं तर विंडोज ओळखतं की इथे लॉगिन पेज आहे, हॉटेल, विमानतळ, लायब्ररीत असतं तसं. ते पान आपोआप उघडलं नाही तर व्हीपीएन बंद करून बघा, व्हीपीएन चालू असेल तर लॉगिनच्या आधी बाहेर जाता येत नाही आणि लॉगिनचं पानही दिसत नाही, दोन्हीकडून दार बंद.

पिंग करून, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत पिंग लिहून पुढे नंबर किंवा नाव टाकून समोरून उत्तर येतं का ते बघायचं असेल, तर क्रमाने करा. आधी आयपीकॉन्फिगमध्ये डिफॉल्ट गेटवे म्हणून जो नंबर दिसतो त्याला, तो राउटर. मग ८.८.८.८ ला, तो बाहेरचा गूगलचा सर्व्हर. मग एखाद्या साइटच्या नावाला. राउटरलाच उत्तर नाही तर घरातल्या घरात बिघाड. राउटर बोलतो पण ८.८.८.८ नाही, तर बाहेरची लाइन. ८.८.८.८ पण बोलतो आणि फक्त नाव चालत नाही, तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून नंबर शोधून देणारी फोनची डायरी बिघडलीये. डीएनएसमध्ये हाताने ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाका, पहिला गूगलचा दुसरा क्लाउडफ्लेअरचा, आणि सुटतं. एक कोपऱ्यातली गोष्ट, लॅपटॉपची तारीख चुकलेली असेल तर वायफाय जोडलं जातं पण जवळपास प्रत्येक साइट सर्टिफिकेटची तक्रार करते, मदरबोर्डवरचा छोटा सेल संपलेल्या जुन्या लॅपटॉपांमध्ये हे फार.

जोडलं जातं पण सारखं तुटतं, याला बहुतेक वेळा दोनच कारणं असतात. एक, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवायला हे बंद करू दे अशी टिक असते, ती काढा, विशेषतः झोपेतून उठल्यावर वायफाय गायब होत असेल तर. दुसरं, सिग्नल. मायक्रोवेव्ह साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे बरोबर २.४ च्या वायफायच्या डोक्यावर, त्यामुळे तो चालू असताना व्हिडिओ अडकणं हा भास नाही. यूएसबी ३ ची हार्ड डिस्कसुद्धा शेजारच्या वायफाय डोंगलला त्रास देते, डोंगल एक्स्टेंशन केबलने लांब लावा. मॅकवर ऑप्शन धरून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की आरएसएसआय म्हणून सिग्नलचा जोर सांगणारा उणे आकडा दिसतो, उणे ५० म्हणजे झकास, उणे ६७ च्या आसपास कामचलाऊ, उणे ८० म्हणजे कनेक्ट झालं तरी नावापुरतंच.

तर बहिणीकडे परत. दुसऱ्या फोनला मी सरळ बसलो आणि विचारत गेलो. नावं दिसतायत का? एकच दिसतंय, आपलंच. शेजारच्यांची? नाही. फोनवर किती दिसतात? तिने मोजली, अकरा. लॅपटॉप उचल आणि चालत राउटरपाशी जा. गेली. "अरे लागलं!" आता मागे सरकत जा. तीन पावलं, तुटलं. परत पुढे, लागलं.

कान चालू आहे पण बहिरा झालाय, आणि हे रीसेटने होत नसतं. मी विचारलं लॅपटॉप कोणी उघडला होता का हल्ली. हो ना, गेल्या आठवड्यात स्क्रीन बदलली. मग कळलं. लॅपटॉपची अँटेना बहुतेक वेळा स्क्रीनच्या कडेने फिरवलेली असते, तिथून दोन बारीक वायरी, बऱ्याचदा एक काळी एक पांढरी, बिजागरीतून खाली येऊन वायफाय कार्डावर टाचणीच्या डोक्याएवढ्या दोन बटणांवर बसतात. स्क्रीन बदलताना त्या काही वेळा काढाव्या लागतात, आणि परत नीट नाही बसल्या तर कार्ड अँटेनाशिवाय ऐकायचा प्रयत्न करतं, हातभर अंतरावरचंच ऐकू येतं.

त्या रात्री तिने राउटरला टेकून बसून सबमिशन केलं. रविवारी मी गेलो, बॅटरीची वायर सोडली, बघितलं तर पांढरी वायर चक्क बाजूला लोळत होती आणि काळी अर्धी बसलेली. नखाने सरळ वरून दाबलं, तिरकं दाबलं की ते बटण वाकतं आणि मग कार्डच बदलावं लागतं म्हणून जपून, दोन वेळा टिक टिक आवाज आला. झाकण लावून चालू केला, तेरा नावं, काड्या फुल. ती खूश झाली, दोन मिनिटं इकडेतिकडे करून म्हणाली, "दादा, ते सगळं ठीक आहे, पण लायब्ररीचा पासवर्ड मला माहीतच नव्हता, तो नुसता सेव्ह होता, तो आता कुठून आणायचा?"